तेहतीस अनारसे आणि एक लिमलेट

डाव्या भुवईच्या वर, दोन बोटांवर, मला टेंगूळ आहे. आज पाचवा दिवस. आधी जांभळं होतं, आता कडेनं हिरवं पडत चाललंय. शुक्रवारी ऑफिसात मी "बाथरूममध्ये घसरलो" असं सांगून मोकळा झालो. खरं सांगायचं तर आधी आम्ही कोण, मग बार मिट्झ्वा म्हणजे काय, मग बायकोचे मामा अश्दोदहून कशाला आले, इतकं पुराण लावावं लागतं आणि तोवर डबे संपतात.

तर थोडक्यात. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं अशी आमच्यात कथा आहे. पुढे त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या वारी, घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागलं. आमच्यात मुलाला तेरा वर्षं पूर्ण झाली की धर्माच्या हिशेबानं तो मोठा माणूस, हाच बार मिट्झ्वा. तो सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, सगळ्यांसमोर तोरा हा धर्मग्रंथ वाचतो, हाताला आणि कपाळावर तेफिलिनच्या काळ्या पेट्या बांधतो आणि आईबाप मिरवून घेतात. शनिवारी फोटो काढता येत नाहीत म्हणून आम्ही गुरुवार धरला. गुरुवारचं वाचन आखूडही असतं, सगळं मिळून दहाएक वचनं. पण तोराच्या गुंडाळीत ना काना ना मात्रा, नुसती व्यंजनं. उच्चार पाठ, चालही पाठ. त्या दहा वचनांसाठी चिरंजीव आठ महिने मोबाइलसमोर बसून गात होते. खालच्या मजल्यावरच्या आजींनाही पहिली चार येतात.

शाळेला सुट्टी कळवायची तर त्यांच्या अ‍ॅपवर कारणं तीनच: आजारपण, गावी जाणे, लग्न. मी लग्नावर बोट दाबलं. वर्गशिक्षिकेचा फोन आला, "अहो, सातवीत आहे तो!"

आता मामा.

मामा १९७३ साली इस्रायलला गेले आणि पुढे अश्दोदच्या बंदरात क्रेन चालवली. मराठी मात्र त्यांनी जाताना नेली तीच अजून वापरतात, लोणच्यासारखी. सिनेगॉगला ते मशीद म्हणतात. त्यात वावगं काही नाही, आमचे जुने लोक असंच म्हणत. फक्त हे ठाण्याच्या रिक्षावाल्याला ठाऊक नसतं. बुधवारी मामा एकटेच 'मशीद बघून येतो' म्हणून निघाले आणि रिक्षावाल्यानं त्यांना नेऊन सोडलं राबोडीतल्या मुसलमानांच्या मशिदीत. तिथल्या मंडळींनी बसवलं, पाणी दिलं, चहा पाजला. मामा अत्यंत खूश होऊन परतले. म्हणाले, "मशीद केवढी वाढवलीत, जावईबापू! आणि माणसं तरी किती! उगाच सांगता कुणी येत नाही म्हणून."

येताना जांभळी नाक्यावरून त्यांनी दोन किलो लिमलेटच्या गोळ्या आणल्या.

"एवढ्या कशाला, मामा?"

"उधळायला. पोराचं वाचन संपलं की त्याच्यावर गोळ्या फेकायच्या. आयुष्य गोड जावं म्हणून. तिकडे सगळे करतात."

"पण तिकडे मऊ असतात ना? टॉफीसारख्या?"

"मऊ गोळीत जिलेटिन असतं. जिलेटिन कोणत्या जनावराचं, तुम्ही सांगाल? नाही ना? ही कडक गोळी म्हणजे साखर आणि रंग. एकदम कोशर, आपल्या धर्माला चालणारी."

"लागेल हो कुणाला."

"सावलानुत, जावईबापू, सावलानुत." म्हणजे धीर धरा. "आयुष्यभर क्रेन चालवलीय. माझा नेम चुकत नाही."

मी एक गोळी हातात घेऊन दाबून पाहिली. मग टेबलावर आपटून पाहिली. टेबलाच्या काचेला टवका गेला. तो मामांनी पाहिला नाही, बायकोनं पाहिला.

गुरुवारी सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. फोटोग्राफर मुंजींमधला मुरलेला. त्यानं दोनदा विचारलं, "मुंडण झालं का?" आणि एकदा, "आईच्या मांडीवर बसवून एक घेऊ या." चिरंजीवांना मिसरूड फुटलंय, ते काही मांडीवर बसले नाहीत. पण वाचलं मात्र असं, की मुकादमांनी, म्हणजे सिनेगॉगच्या प्रमुखांनी, चष्मा काढून पुसला. हातात चांदीची काठी, तिच्या टोकाला इवलासा हात, आणि त्या हातामागून माझ्या पोराचा फुटू लागलेला आवाज. मी रडलो का? नाही. सर्दी होती.

वाचन संपलं की बापानं एक वाक्य म्हणायचं असतं. हिब्रूत, 'बारुख शेपतारानी' अशी त्याची सुरुवात. मराठीत सांगायचं तर, या पोरापायीच्या शिक्षेतून ज्यानं मला मोकळं केलं त्याचे आभार. म्हणजे आजवर पोराच्या पापांचा धनी बाप, यापुढे ज्याचं त्यानं बघावं. तेरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. घसा साफ केला, पुढे झालो, 'शिक्षेतून' या शब्दाशी पोचलो आणि कपाळावर फाट्‌कन आवाज झाला.

केशरी होती. संत्र्याची.

वरच्या सज्ज्यात बायका बसल्या होत्या. तिथून पहिलं हसू आलं ते माझ्या धर्मपत्नीचं, आवाज ओळखतो मी. मग मामांनी मूठभर आणखी फेकल्या, कारण रीत अर्धवट सोडायची नसते. चिरंजीव मोठे माणूस झाल्याच्या पहिल्या मिनिटाला बाकाखाली घुसून गोळ्या गोळा करत होते.

"नेम चुकत नाही म्हणालात ना?" मी नंतर मामांना विचारलं.

"चुकला नाहीच. तुम्ही मध्ये आलात."

"मी प्रार्थना म्हणत होतो!"

"तेच म्हणतो. एवढं पुढे येऊन कशाला म्हणायची?"

मला राग गोळीचा नाही. आमच्या समोरच्या बिऱ्हाडात अधिक महिन्यात जावई येतो, त्याला तेहतीस अनारसे आणि चांदीचं ताट. मीही कुणाचा तरी जावईच आहे. आमच्यात ती रीत नाही, मान्य. आमच्या पंचांगात तर कधीकधी अख्खा अदार महिना दोनदा येतो, तेव्हाही कुणी काही दिलेलं नाही. तेहतीस नकोत, पण निदान खाली ठेवून द्यावं, फेकून नको. आणि फोटोग्राफरनं सगळ्यात स्वच्छ फोटो कोणता काढावा? गोळी हवेत, माझे डोळे मिटलेले, तोंड उघडं. पोराच्या वाचनाचे सगळे हलले आहेत.

संध्याकाळी घरी मलिदा होता. गोड मलिदा, खायचा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावानं. सोसायटीच्या ग्रुपवर मी भाबडेपणानं लिहिलं, 'आज सात वाजता आमच्याकडे मलिदा आहे, सर्वांनी आपापला वाटा घ्यायला यावे.' आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. सेक्रेटरी पावणेसातलाच आले, फाइल घेऊन. दोन मेंबर 'बिल्डरचं नाव आधी सांगा' म्हणत दारातच उभे राहिले. पोहे बघून त्यांचे चेहरे जे पडले, तसे माझ्या टेंगळानंही पडले नव्हते. तरी दोनदा घेऊन खाल्ले सगळ्यांनी.

जाताना सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही लोक फार थोडे उरलात, नाही?"

हो. भारतभरात चार-पाच हजार. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला. आम्ही किती कमी आहोत हे सरकारला तेव्हा कळलं, आम्हाला दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी कळतं. तोरा बाहेर काढायला दहा पुरुष लागतात, तेरा वर्षांवरचे. नऊ असले तर नऊ जण बसून राहतात. माझ्या लहानपणी सणाला आम्हा पोरांना पायरीवर बसवत, आत जागा नसे. त्यातली निम्मी पोरं आता मामांच्या शेजारी राहतात आणि 'कधी येताय तिकडे?' असं विचारतात, जणू मी इथे रिक्षाची वाट बघत थांबलोय.

आज सकाळी सव्वासहाला सिनेगॉगच्या शमाशांचा, म्हणजे तिथली व्यवस्था बघणाऱ्यांचा, फोन.

"चिरंजीव उठलेत का?"

"मी बोलतोय ना. काय झालं?"

"त्यांना पाठवा. एक कमी पडतोय."

"मी येतो की!"

"तुम्हाला धरूनच नऊ झालेत," ते म्हणाले. "तुम्ही काय, येताच."

बावीस वर्षं मी जातोय. मला कधी सव्वासहाला फोन आलेला नाही.

चिरंजीवांना उठवलं, दूध दिलं, तेफिलिनची पिशवी शोधून दिली, सॉक्स शोधून दिले. गुरुवारी मी यांच्यातून मोकळा झालो होतो. स्कूटर काढली, हेल्मेट चढवलं, ते बरोब्बर टेंगळावर बसलं. नाक्यावर सिग्नल लाल व्हायला आला, म्हणून मी जरा वेग घेतला, तर मागून खांद्यावर थाप पडली.

"पप्पा, सावकाश. मी पोचल्याशिवाय ते सुरू करत नाहीत."