त्यालाही घरीच जायचं होतं

पृथ्वीवर चुकून मागे राहिलेल्या परग्रहवासीयाच्या, स्पीलबर्गच्या 'ई.टी.'मधला ओढ्याकाठचा प्रसंग मला आजही धड बघवत नाही. त्याला घरात लपवून ठेवणाऱ्या एलियट या मुलाचा मोठा भाऊ सायकलवरून शोधत येतो आणि ई.टी. त्याला पाण्याकडेला पडलेला सापडतो. अंगाचा रंग उडून पांढराफटक झालेला, श्वास जेमतेम. नऊ वर्षांची असताना हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हुंदके देऊन रडले होते. परवा मुलीला घेऊन पाहिलं, तर तिच्याआधी माझाच घसा दाटून आला.

दोन दिवसांनी रात्री, ती झोपल्यावर, जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' लावला, अंटार्क्टिकाच्या संशोधन तळावर शिरलेल्या, माणसांचं रूप घेणाऱ्या परग्रहावरच्या जिवाचा भयपट. याआधी दोनदा पाहिलेला, दोन्ही वेळा जीव मुठीत धरून. यावेळी मात्र शेवटाकडच्या एका दृश्याशी मी थांबले. तळावरच्या ब्लेअर या शास्त्रज्ञाला ज्या खोपट्यात कोंडलेलं असतं, त्याच्या जमिनीच्या फळ्या उचकटून माणसं खाली उतरतात. खाली बर्फात भुयार खोदलेलं आणि त्यात एक छोटंसं यान. ब्लेअरचं रूप घेतलेल्या थिंगने हेलिकॉप्टरचे वगैरे सुटे भाग पळवून, एकट्याने, गुपचूप जोडलेलं.

मी रिमोट हातात धरून बसूनच राहिले. ई.टी.ने तरी दुसरं काय केलं होतं? छत्री, करवतीचं पातं, रेकॉर्ड प्लेअर आणि मुलांचं एक बोलकं खेळणं जोडून घरी निरोप धाडायचं यंत्र बनवलं होतं. दोघंही परक्या ग्रहावर अडकलेले. दोघांनीही हाताला लागेल त्या भंगारातून इथून सुटायची खटपट केली. गंमत म्हणजे हे दोन्ही चित्रपट १९८२च्या जूनमध्ये, दोन आठवड्यांच्या अंतराने अमेरिकेत लागले. एकासाठी जग रडलं, दुसऱ्याला आम्ही जाळा म्हणालो.

हो, थिंग माणसं गिळतो, कुत्री गिळतो, त्यांचं रूप घेतो. त्याला मिठी मारायला हवी होती असं मी मुळीच म्हणत नाही. त्या तळावर मी असते तर मीही ज्वालाफेकी उचलली असती. पण लाखभर वर्षं बर्फात गाडला गेलेला, उकरून काढल्यावर जागा झालेला तो जीव इथून निघू बघत होता, आणि हे माझ्या तिसऱ्यांदा पाहताना ध्यानात आलं. त्याआधी का आलं नाही, याचा मी आठवडाभर विचार करतेय.

एक उत्तर डोळ्यांत आहे. ई.टी. प्रत्यक्षात घडवला कार्लो राम्बाल्दी या इटालियन कारागिराने. 'एलियन' (१९७९) मधल्या प्राण्याचं यांत्रिक डोकंही त्याचंच. मूळ कल्पना एच. आर. गीगरची, आणि त्या लांबुळक्या डोक्याला दिसतील असे डोळेच नाहीत. एकाच माणसाचे हात: एका जिवाला मोठाले ओलसर डोळे दिले आणि आपण माया केली, दुसऱ्याचे काढून घेतले आणि आपण खुर्चीत आक्रसलो. वर स्पीलबर्गने कॅमेरा मुलांच्या उंचीवर ठेवला. आई सोडली तर मोठ्या माणसांचे चेहरे बराच वेळ दिसतच नाहीत, कमरेला खुळखुळणाऱ्या किल्ल्या तेवढ्या दिसतात. तिथे परकी वाटतात ती माणसं. आपली माया कुणाकडे वळेल हे बहुतेक वेळा कॅमेरा कुठे उभा आहे यावर ठरून गेलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं ती आपली आपण केली.

'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) मला म्हणूनच फार जवळचा. जोहान्सबर्गमध्ये अडकलेले परग्रहवासी, त्यांची झोपडपट्टी, त्यांना हुसकावायला आलेला कारकुनी वळणाचा विकस. केपटाउनमधली 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही वस्ती १९६६ साली गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि पुढे साठ हजारांहून जास्त माणसं तिथून उठवली गेली, त्याची ही उघड आठवण. विकस त्यांची अंडी असलेली झोपडी जाळायला लावतो आणि आतून फटफट आवाज येतात, ते पॉपकॉर्नसारखे वाटतात असं हसत कॅमेऱ्याला सांगतो. पुढे प्रयोगशाळेच्या तळघरात त्या परग्रहवासीयांपैकी ख्रिस्तोफर आपल्याच जातीच्या एकाचं चिरफाड केलेलं शरीर पाहतो आणि जागच्या जागी खिळतो. गोळीबार चाललाय, विकस चल चल म्हणून ओरडतोय, आणि तो बघत उभा आहे. कोळंबीसारखं तोंड, मिशांसारखे लोंबते अवयव, पण ते उभं राहणं मी ओळखलं. जवळचं माणूस गेल्याची बातमी ऐकल्यावर आपण असेच उभे असतो. (नायजेरियन माणसं मात्र याच चित्रपटाने फार ओबडधोबड रंगवली. एलियनसाठी दाखवलेली समज त्यांच्या वाट्याला आली नाही, हे मला आजही खटकतं.)

पण समोरच्याचं मन कळलं की दया येतेच, हेही खरं नाही. माणसं आणि परग्रहावरचे महाकाय किडे यांच्या युद्धावरच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९९७) च्या शेवटी किड्यांचा मेंदू असलेला मेंदूकिडा पकडला जातो. मनातलं वाचू शकणारा अधिकारी त्याच्या अंगावर हात ठेवतो, क्षणभर थांबतो आणि ओरडतो, "तो घाबरलाय!" आणि सगळं सैन्य जल्लोष करतं. नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये बालपण गेलेल्या पॉल व्हरहोव्हेनने हे चित्रित केलंय. भीती अचूक ओळखली, आणि ओळखली म्हणून आनंद झाला. पडद्यावरच्या एलियनबद्दल मला इतकं दुसरं कुठलंही दृश्य अस्वस्थ करत नाही.

आणि मग 'अरायव्हल' (२०१६). सात पायांचे ते जीव, ना चेहरा, ना डोळे, सगळं धुक्याच्या काचेआड. म्हणजे राम्बाल्दीची युक्ती इथे चालणारच नाही. काही सैनिक चोरून स्फोटकं ठेवतात. माणसांशी बोलणाऱ्या दोन जिवांपैकी अ‍ॅबट माणसांना दूर ढकलून वाचवतो. नंतर त्यांची भाषा उलगडणारी भाषातज्ज्ञ लुईस एकटी आत जाते, तर तिथे एकटा दुसरा जीव, कॉस्टेलो. ती विचारते, अ‍ॅबट कुठे आहे? तो सांगतो, अ‍ॅबट मरणाच्या प्रक्रियेत आहे. ती माफी मागते. संपलं. टेड चँगच्या मूळ कथेत हा स्फोट नाही, तो चित्रपटात घातलाय, आणि फार बरं केलं. कारण डोळे न दाखवताही मला रडू आलं ते एका वाक्याने, तेही मोडक्यातोडक्या भाषांतरातून आलेल्या.

'द थिंग'मध्ये असं एकच मिनिट असतं तर? मला ते भुयार परत बघायचंय, वरून उतरणाऱ्या माणसांच्या टॉर्चमधून नव्हे, त्याच्या बाजूने. वर वादळ घोंघावतंय, गारठा वाढतोय, आणि खाली तो हेलिकॉप्टरचा एक तुकडा दुसऱ्याला जोडून बघतोय. जुळत नाही. पुन्हा फिरवून बघतोय.