‘ते घेतलं की गोदामात बसवतात’

आज दुपारी भाचीचा फोन आला. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाच्या इलेक्टिव्हचा फॉर्म भरून मोकळी झाली म्हणे. काय काय घेतलंस? सगळं फायनान्स आणि ॲनालिटिक्स. आणि सप्लाय चेन, म्हणजे माल पुरवठादारापासून ग्राहकापर्यंत पोचवण्याचा विषय? "नाही गं मावशी, ते घेतलं की गोदामात बसवतात." टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट तर सीनियर्सनीच नको सांगितलं, मार्क मिळत नाहीत म्हणून.

फोनवर गप्प बसले, पण संध्याकाळ झाली तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मी बसलेय गोदामात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे नवीन ईआरपी, म्हणजे साठा, खरेदी, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, सुरू झालं. एका सुट्या भागाचा साठा सिस्टिममध्ये कायम कमी दिसायचा आणि दर आठवड्याला नवी ऑर्डर निघायची. मी फोरकास्ट म्हणजे मागणीचा अंदाज तपासला, सेफ्टी स्टॉक म्हणजे अडीअडचणीसाठीचा जादा साठा वाढवला, मीटिंगमध्ये मागणी वाढतेय म्हणून आलेख दाखवले. तिसऱ्या महिन्यात स्टोअरकीपर काका म्हणाले, "मॅडम, एकदा खाली येऊन बघा." रॅक भरून खोकी पॅसेजमध्ये आली होती, खालच्या थरावर धूळ. काकांनी एक खोकं फोडलं. आत २४ नग. "आम्ही खोकी मोजतो. तुमचं मशीन नग मोजतं." ४० खोकी आली की ते ४० टाकायचे. पुरवठादारही खोक्यावरच विकायचा, त्यामुळे ऑर्डर ४०, बिल ४०, कागदावर सगळं चोख. सिस्टिमच्या हिशेबी ४० नग, रॅकवर ९६०.

ॲनालिटिक्सच्या वर्गात डेटाची फाईल स्वच्छ करून हातात देतात. ती कोणी भरली, काय मोजून भरली, हे विचारायची वेळच येत नाही. मग अशी मुलं डॅशबोर्डपुढे बसतात आणि मी केलं तेच करतात.

फायनान्सवाल्यांना सुरुवातीला पगार जास्त मिळतो, मान्य. कर्ज फेडायचं असतं, तेही मान्य.

पण गोदाम म्हणजे शिक्षा, हे या मुलांच्या डोक्यात घातलं कोणी? २०२१ च्या मार्चमध्ये ४०० मीटर लांबीचं एव्हर गिव्हन हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं, तेव्हा जो तो सप्लाय चेनवर बोलत होता. आणि कॉलेजं? पुरेशी मुलं आली नाहीत म्हणून विषयच रद्द करून टाकतात! जिथे शिकवतात तिथे सप्लाय चेन एका विभागात, टेक्नॉलॉजी दुसऱ्या. माझी खोकी नेमकी या दोघांच्या मधल्या पॅसेजमध्ये पडली होती.

माझ्या सप्लाय चेनच्या इलेक्टिव्हमध्ये आम्हाला बिअर गेम खेळायला लावला होता. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेला खेळ. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना असे चौघं. ग्राहकाची मागणी एकदाच ४ वरून ८ वर जाते आणि तिथेच राहते, एवढंच. तरी मागे कारखान्यापर्यंत जाता जाता ऑर्डरी वेड्यासारख्या फुगतात, मग धाडकन पडतात. मी कारखाना होते. शेवटी पत्ते उलटले आणि ग्राहकाने फक्त ८ च मागितले होते हे कळलं, तेव्हा वर्गात कोणी बोलेना. प्रत्येकाने दुसऱ्याला दोष दिला होता. काकांनी खोकं फोडलं तेव्हा मला तोच वर्ग आठवला. तो विषय घेतला नसता, तर दोष मी काकांच्या नोंदीवर ढकलून वर निघून गेले असते.

भाचीवर राग नाही माझा. तिने गोदाम कधी आतून पाहिलेलंच नाही. तेविसाव्या वर्षी सीनियर सांगतील तेच खरं वाटतं, मलाही वाटायचं.

मघाशी तिला परत फोन केला आणि खोक्यांची गोष्ट पहिल्यांदा नीट सांगितली. थोडा वेळ गप्प होती. मग विचारलं, "मग ते ९२० नग हिशेबात कसे आणले गं?"

सांगितलं तिला. अर्धा तास बोललो. फॉर्म पुन्हा उघडून देतात का, ते ती उद्या कॉलेजच्या ऑफिसात विचारणार आहे.