गेम कन्सोल मुद्दाम बिघडणारे बनवतात, या दाव्याचा प्रतिवाद

आपल्या भागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा, की आताचे गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळ खेळण्याची यंत्रे, दोन वर्षांत बिघडावीत अशीच कंपन्या बनवतात आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा त्याचा पुरावा आहे. जुने कन्सोल कधी बिघडत नसत, असेही त्यात म्हटले आहे. आणि कन्सोल बंद पडलाच तर तो टॉवेलात गुंडाळून चालू ठेवावा, म्हणजे दुरुस्त होतो, असा सल्लाही दिला आहे. कापूस विकून आलेल्या पैशातून मुलांसाठी जुना कन्सोल विकत घेणाऱ्या कुटुंबाचे यातून नुकसानच होईल.

एक्सबॉक्स ३६० मोठ्या प्रमाणावर बिघडला, हे खरेच आहे. स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार त्याच्या बिघाडाचे प्रमाण पहिल्या दोन वर्षांत २३.७ टक्के होते. परंतु त्याच आकडेवारीत प्लेस्टेशन ३ साठी १० टक्के आणि निन्टेन्डोच्या ‘वी’ या कन्सोलसाठी केवळ २.७ टक्के असे प्रमाण आहे, आणि संदेशात नेमके तेच वगळले आहे. वी तुलनेने फार कमी वीज घेत असल्यामुळे कमी तापत असे, हे मान्य केले तरी सगळेच मुद्दाम बिघडवतात हा आरोप या आकड्यांपुढे टिकत नाही. शिवाय २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यापायी १०० कोटी डॉलरहून अधिक खर्चाची तरतूद करावी लागली. स्वतःहून एवढा तोटा कोण ओढवून घेईल? कन्सोल वारंवार तापून थंड होताना पडणाऱ्या ताणामुळे आतील जोड तुटत, असे कंपनीच्याच अभियंत्यांनी २०२१ मध्ये सांगितले. ही रचनेतील गंभीर चूक होती आणि तिचा दोष कंपनीलाच जातो, पण चूक आणि कट यांत फरक केलाच पाहिजे.

जुने कन्सोलही बिघडत. निन्टेन्डोच्या पहिल्या कन्सोलमधील कार्ट्रिज (खेळ साठवलेली डबी) बसवण्याच्या पिना सैल होत, आणि पहिल्या प्लेस्टेशनची लेझर यंत्रणा झिजल्यावर लोक तो उलटा ठेवून खेळत. भंगारात गेलेले नजरेआड होतात आणि टिकलेले तेवढे लक्षात राहतात.

टॉवेलाचा उपाय मात्र घातकच आहे. हवा कोंडल्याने तुटलेला जोड कधी तात्पुरता जुळतो, परंतु त्या उष्णतेने उरलेले भागही खराब होतात आणि आग लागण्याचा धोका असतो.

आपल्याकडे खरी काळजी उन्हाची आणि विजेची घ्यावी लागते. प्लेस्टेशन ४ साठी सोनीने ५ ते ३५ अंश तापमानाची मर्यादा दिली आहे, तर चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्यामुळे टिनाच्या छताखाली भर दुपारी खेळणे टाळावे, कन्सोल कूलरच्या ओलसर झोतासमोर ठेवू नये आणि कन्सोलच्या हवेच्या जाळीत अडकलेली धूळ व कापसाचे तंतू वेळोवेळी काढावेत. वीज गेली की प्लग काढून ठेवावा, आणि ती परत येऊन व्होल्टेज स्थिर झाल्यावरच पुन्हा लावावा.