डाळिंबाच्या सालीनं छाती कमी होत नाही, काकू

मागच्या रविवारी सकाळी साडेसहाला मावशीचा फोन आला. एवढ्या सकाळी फोन म्हणजे मला वाटलं कोणी गेलं की काय. तर मावशी म्हणते, "तुले मेसेज टाकला तो पाह्यला काय? पोट्टीचं ऑपरेशन कॅन्सल करून टाक म्हणा डॉक्टरले." आणि फोनवरच रडायला लागली.

मेसेज उघडला. वर लाल दिवे, खाली "मुलींनो सावधान! छाती लहान करायचं ऑपरेशन म्हणजे आयुष्याचं वाटोळं". एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आहे म्हणे, कोणते मोठे ते काही लिहिलेलं नाही. मुद्दे सहा: हा आळशी मुलींचा शॉर्टकट आहे, वजन कमी केलं की छाती आपोआप कमी होते. डाळिंबाच्या सालीचा लेप आणि मोहरीचं तेल ४० दिवस लावा, काम होते. ऑपरेशन केलं तर बाळाला दूध मिळत नाही. कॅन्सर होतो. हे फॉरेनचं फॅड आहे. आणि शेवटचा, अशा मुलीशी कोणी लग्न करत नाही. मावशीच्या कॉलनीतल्या एका काकूंनी पाठवला, त्यांना त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर आला होता, आणि दोन दिवसांत तो मला आणखी तीन ठिकाणांहून येऊन चुकला.

पोट्टी म्हणजे माझी मावसबहीण, आमची लहानी, वय २७, नागपूरच्या मिहानमध्ये, म्हणजे आयटी कंपन्यांच्या भागात नोकरी. कॉलेजपासून मान आणि खांदे दुखतात तिचे. खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांच्या खाचा पडल्या आहेत, रात्री काढल्या तरी तशाच राहतात. लॅपटॉपवर बसली की दोन तासांत हाताला मुंग्या. आणि नागपूरचा उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे, पारा ४५ च्या वर गेला की कूलरसमोर बसूनही घाम थांबत नाही, तिला छातीखालच्या घडीत लालभडक पुरळ उठते, कातडी सोलते, रुमालाची घडी करून तिथं ठेवते आणि वरून फंगसची पावडर. हे दर वर्षी, एप्रिल ते पाऊस येईपर्यंत. बर्डीच्या बाजारात तिच्या मापाची ब्रा मागितली तर दुकानदार चार लोकांसमोर ओरडून सांगतो, "इससे बडा नहीं आता मॅडम". आता या पोरीला आळशी म्हणायचं.

वजनाचंच आधी घेते कारण त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. लहानीनं वजन कमी करून पाहिलं आहे. आठ महिने, सकाळी फुटाळा तलावावर चालायला, घरी भाकरी-भाजी, पोहे-तर्री बंद, सावजी तर नावच नाही. नऊ किलो उतरले. गाल बसले, कंबर उतरली, ब्राचा पट्टा ३८ चा ३६ झाला, कप तसाचा तसा! म्हणजे बाकी अंग बारीक आणि ओझं तेवढंच, उलट जास्तच दिसायला लागलं. याचं कारण काही गूढ नाही. छातीत चरबी असते तशाच दुधाच्या ग्रंथी असतात आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या पेशी असतात, कोणाच्यात काय किती हे ज्याच्या त्याच्या घराण्यावर आणि हार्मोनवर. चरबी वजनासोबत उतरते, ग्रंथी काही उतरत नाही. बरं व्यायाम करा म्हणणाऱ्यांनी कधी एकावर एक दोन स्पोर्ट्स ब्रा घालून धावून पाहिलं आहे काय? दुखते म्हणून धावता येत नाही, धावत नाही म्हणून वजन वाढते, वजन वाढलं की हेच लोक म्हणणार वजन कमी कर. त्यात फुटाळ्यावर बाईक लावून बसलेले पोट्टे बघतात ते वेगळंच.

आणि हे फक्त लहानीचं नाही. अमेरिकेत ज्या बायकांचं हे ऑपरेशन झालं त्यांचा ऑपरेशनच्या आधी आणि नंतर असा अभ्यास झाला होता, २००२ साली प्लास्टिक सर्जरीच्या तिथल्या मुख्य जर्नलमध्ये छापून आला. त्यात नेमकं हेच तपासलं होतं की वजन कमी करणं, फिजिओथेरपी, स्पेशल ब्रा, गोळ्या यांनी कायमचा आराम पडतो का. नाही पडला. ऑपरेशननं पडला. आणि फायदा झाला तो बाई जाड आहे की बारीक यावर अवलंबून नव्हता.

अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाइलाजानं. ज्यांच्या छातीत चरबीच जास्त आहे त्यांना वजन उतरल्यावर फरक पडतो. आणि ऑपरेशनच्या आधी वजन एका जागी स्थिर करून या असं सर्जनही सांगतात, कारण नंतर खूप वाढलं किंवा उतरलं तर आकार परत बदलतो. पण "वजन स्थिर ठेव" आणि "तू आळशी आहेस" यात काही फरक आहे की नाही?

डाळिंबाच्या सालीबद्दल काय लिहू. लेप कातडीवर बसतो, ग्रंथी आत आहे. मोहरीचं तेल त्या पुरळावर लावलं तर आग होईल तेवढीच. गंमत म्हणजे याच मेसेजमध्ये वर लिहिलं आहे की वजन कमी केल्यानं छाती घटते आणि खाली लिहिलं आहे तेल चोळल्यानं घटते, आणि मला पक्कं आठवते याच भिशीच्या ग्रुपवर मागं असाही मेसेज होता की तेल चोळल्यानं छाती वाढते. तेलाला कसं कळते बापा कोणाची वाढवायची आणि कोणाची घटवायची?

दुधाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, मावशी त्याच्यावरच रडत होती. मेसेजमध्ये लिहिलं आहे "थेंबभर दूध येत नाही". ते खोटं आहे, पण धोका नाहीच असं म्हटलं तर तेही खोटं. सगळं ऑपरेशन कसं करतात त्यावर आहे. बहुतेक वेळा निप्पल पूर्ण कापून वेगळं काढत नाहीत, खालच्या पेशींचा एक खांब तसाच ठेवून त्याच्यासकट वर सरकवतात, रक्तपुरवठा, नसा आणि दुधाच्या नळ्या त्यातूनच जातात. २०१७ मध्ये ५१ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, तर हा खांब पूर्ण राखला तिथं दूध पाजता येण्याचं मधलं प्रमाण १०० टक्के निघालं, अर्धवट राखला तिथं ७५, आणि राखलाच नाही तिथं ४. आता यातही मेख आहे, पाजता आलं म्हणजे किती आलं हे प्रत्येकानं आपापल्या मापानं मोजलं, वरचं दूध द्यावं लागलं अशा बायकाही त्यात आहेत. म्हणून १०० टक्के वाचून उडी मारायची गरज नाही. पण सर्जनला विचारायचा प्रश्न तर मिळाला: माझ्यात कोणती पद्धत करणार, आणि खालचं किती राखणार? आधी लेकरं होऊ द्यायची आणि मग ऑपरेशन, असंही काही बायका ठरवतात, बाळंतपणात छाती परत वाढू शकते म्हणूनही. लहानीला ते पटते की नाही ते तिचं ती पाहील. थांबायचं असेल तर खरं काय ते ऐकून थांबावं.

कॅन्सर. उलट आहे. स्वीडनमध्ये हे ऑपरेशन झालेल्या ३० हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या होत्या, २००० साली छापलं, तर अपेक्षेपेक्षा स्तनाचा कॅन्सर कमी निघाला, वाढलेला नाही. काढलेला भाग पॅथॉलॉजीला तपासायलाही पाठवतात. पुढे.

फॉरेनचं फॅड! याच काकूंनी मागच्या महिन्यात फॉरवर्ड केलं होतं की प्लास्टिक सर्जरी जगाला आपल्या सुश्रुतानं शिकवली. सुश्रुतसंहितेत कापलेल्या नाकाची दुरुस्ती आहे हे खरंच आहे, मला अभिमानच आहे त्याचा, पण मग नाकाचं केलं तर भारतीय आणि मान-पाठ दुखते म्हणून छातीचं केलं तर फॉरेन काऊन? फक्त एका जागी हे "फॅड" प्रकरण खरंच महागात पडते, ते म्हणजे इन्शुरन्स. कॉस्मेटिक म्हणून कंपन्या क्लेम नाकारतात. पण पॉलिसीतलं ते कलम नीट वाचा, आरोग्याचा थेट धोका टाळायला गरजेची सर्जरी असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं असेल तर अपवाद आहे. मिळेलच असं नाही. पण फिजिओचे कागद, स्किनवाल्याच्या चिठ्ठ्या, खांद्याचे फोटो जपून ठेवा, लहानीनं अर्धे फेकून दिले आणि आता शोधून राहिली.

लग्नाच्या मुद्द्याला मी उत्तर देणार नाही.

बरं, एवढं भीती घालायचंच होतं तर खऱ्या गोष्टी तरी लिहायच्या, त्या एकही नाहीत मेसेजमध्ये. व्रण राहतात, कायमचे. निप्पलभोवती गोल, तिथून खाली उभी रेघ, आणि मोठी छाती असेल तर बहुतेक खालच्या घडीत आडवी रेघ पण, उलट्या टी सारखी. फिकट होत जातात, जात नाहीत. ज्यांची जखम भरताना कातडी जाड फुगून येते त्यांनी तर आधीच सांगावं. निप्पलची जाणीव कमी होऊ शकते, कधी पूर्ण जाते. ती उभी आणि आडवी रेघ जिथं मिळते तिथली जखम भरायला बऱ्याच जणींना वेळ लागतो, ड्रेसिंग लांबते. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतील याची गॅरंटी नाही. पूर्ण भूल, दोन ते चार तास, टेबलावरचं काम आठवडा-दोन आठवड्यांनी, पण जड उचलणं महिना-दीड महिना बंद, म्हणजे घरात पाण्याची बादली उचलायला दुसरं कोणी लागणार. आणि आपल्या नागपुरात हे सांगायलाच पाहिजे, तंबाखू. सिगरेटच नाही, खर्रासुद्धा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून खातात तो. निकोटिननं रक्ताच्या नळ्या आकसतात आणि निप्पल जगवायला तर तेच रक्त लागते. काही आठवडे आधी बंद करायला सांगतात, डॉक्टरसमोर लाजून "नाही खात" म्हणू नका. बायका खात नाहीत असं ज्यांना वाटते त्यांनी माझ्या ऑफिसात यावं.

आणि सर्जन पाहताना प्लास्टिक सर्जरीची डिग्री, म्हणजे एमसीएच किंवा डीएनबी, आहे का ते विचारा, ब्युटी क्लिनिकचा बोर्ड पाहून नका जाऊ.

हे व्रणांचे फोटो लहानीनं पाहिले आहेत, डॉक्टरनंच दाखवले, आणि त्यावरच ती अडून आहे, दुधावर नाही. दोन दिवस काही बोलली नाही, मग म्हणाली, "दीदी, खांद्यावरची खाच पण तर व्रणच आहे ना, ती कोणी दाखवत नाही." तरी अजून हो म्हटलेलं नाही. तिनं नाही म्हटलं तरी मला चालते. पुढच्या मंगळवारी परत अपॉइंटमेंट आहे. मी जाणार सोबत. मावशीला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं तर मधेच थांबवून विचारते, थे खांब का काय म्हणाली थे डॉक्टरले कसं विचाराचं, कागदावर लिहून दे, मी बी येतो.