क्रँकचा बोल्ट सेल्फ मारून काढू नका

टायमिंग बेल्ट बदलताना क्रँक पुलीचा (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, टोकावरच्या चाकाचा) बोल्ट हलत नसला की एक उपाय हमखास सुचवला जातो: बोल्टवर सॉकेट आणि लांब बार चढवा, बार चॅसीला टेकवा, सेल्फ मारा. कुठल्याही गाडीला चालतं, धोका नाही, वेगळं अवजार नको. यातलं एकही खरं नाही.

‘कुठल्याही गाडीला चालतं.’ पुलीच्या बाजूने पाहता इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तरच बोल्ट सुटतो. होंडाची डी मालिका, म्हणजे १९९८ साली भारतात आलेल्या पहिल्या सिटीचं इंजिन, उलटं फिरतं; आटे मात्र नेहमीचेच. तिथे सेल्फ मारला की बोल्ट आणखी आवळतो. फोर्डच्या २.० आणि २.३ लिटर ड्यूराटेक इंजिनांत तर क्रँकच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) चावीच, म्हणजे त्याला क्रँकवर जागच्या जागी अडकवणारी लोखंडी पट्टीच नाही, ते निव्वळ बोल्टच्या दाबावर बसलेलं असतं. क्रँक आणि कॅम (झडपा उघडणारा दांडा) लॉक न करता बोल्ट सैल केलात तर टायमिंग, म्हणजे या दोघांचा मेळ, गेलंच.

‘धोका नाही.’ बार निसटला तर रेडिएटर फुटेल, एसीचा पाइप वाकेल, नाहीतर हात जाईल. इंधन बंद करायला विसरलात आणि इंजिन पेटलं, तर फिरणारा बार कोण धरणार?

‘अवजार नको.’ हवंच. होंडाच्या बऱ्याच पुल्यांच्या मध्यभागी ५० मिमीची षटकोनी खाच असते. तिच्यात होल्डर (पुली धरून ठेवणारं अवजार) बसवा आणि त्याच्या भोकातून १९ मिमीचं इम्पॅक्ट सॉकेट घाला. बोल्ट डावीकडे फिरवून सुटतो, म्हणून होल्डरचा दांडा तुमच्या डाव्या हाताला जमिनीवर किंवा घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा आणि उजवीकडचा बार वर उचला. एक्स्टेन्शन (सॉकेट आणि बार यांच्यामधला जोडदांडा) पाऊण इंची घ्या. अर्धा इंची पिळवटतं आणि जोर वाया जातो. त्याच्या टोकाखालीही घोडी द्या, नाहीतर सॉकेट तिरकं होऊन बोल्टचे कोपरे झिजतात.

पुलीला साखळी गुंडाळून धरू नका. बाहेरची रिंग रबरावर चिकटवलेली असते, ती सरकते. गिअर टाकून ब्रेक दाबण्याची युक्ती मॅन्युअल गाडीत कधी कधी जमते, ऑटोमॅटिकमध्ये नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर क्रँकला अडवत नाही.

बसवताना इम्पॅक्ट गनवर अंदाजाने आवळू नका. बोल्ट ढिला राहिला तर पुली डुलते आणि क्रँकची चावीची खाच खाते. मग अख्खी क्रँक बदलावी लागते. टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंतच आवळा. आट्यांना तेल लावायचं की नाही, तेही तिथेच बघा. ड्यूराटेकचा बोल्ट मात्र दर वेळी नवाच घालायचा.