सेटिंगला हात लावू नका

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस वर्डमध्ये टाइप करून होते, आणि बघता तर 'थकबाकी'पासून 'चहापान'पर्यंत निम्म्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघा. अशा वेळी आधी मान खाली घाला. चूक तुमचीच. शाळेत बाईंनी वहीत मारलेल्या लाल रेघांवर तुम्ही कधी वाद घातला होता का? मग आताच कुठून आलं एवढं धैर्य?

खरं कारण क्षुल्लक आहे, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या मुलाने मराठीऐवजी हिंदीचा कीबोर्ड घातला होता. "काका, देवनागरी ती देवनागरी, त्यात काय?" असंही वर म्हणाला होता. कीबोर्ड हिंदी, म्हणून वर्डच्या लेखी तुमची अक्षरं हिंदी. तुम्ही अशुद्ध हिंदी लिहिताय, असा त्या बिचाऱ्याचा प्रामाणिक समज आहे. तो दूर करून त्याला कशाला दुखवायचं? त्यापेक्षा मराठीच बदला. शब्दावर राइट क्लिक करा आणि वर्ड सुचवेल ते मुकाट घ्या. 'पाणी'चं 'पानी' होईल, 'कवी'चा 'कवि' होईल. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत तत्सम शब्दांच्या शेवटची वेलांटी दीर्घ काढायला सांगितली आहे खरी. पण महामंडळ काही तुमच्या स्क्रीनवर रेघा मारायला येत नाही.

स्वाभिमान फारच उफाळून आला तर 'ॲड टू डिक्शनरी' आहेच. 'घर' शब्द घाला, त्याची रेघ गेली. पुढच्या ओळीत 'घरात' आलं की परत रेघ, कारण त्या यादीत तुम्ही घातलेलं तेवढंच रूप जातं. मग 'घरातला' घाला, 'घरातल्या', 'घरातल्यांनी', 'घरातल्यांनीसुद्धा'. एका शब्दात दुपार छान जाते. नोकरदारांनी हे काम निवृत्तीनंतर हाती घ्यावं, विभक्त्या आणि शब्दयोगी अव्यय आयुष्यभर पुरतात. घाईत 'सभासद'चं 'सभासाद' करून तेही यादीत घातलंत, तर त्या कॉम्प्युटरवर ते कायमचं शुद्ध. भाषेत एवढी मोलाची भर घालायला एरवी कोण देतं हो?

आता एक धोक्याची सूचना. काही आगाऊ लोक तुम्हाला सांगतील की, कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडा, 'रिव्ह्यू'मध्ये 'लँग्वेज', त्यात 'सेट प्रूफिंग लँग्वेज', यादीतून मराठी, ओके. मराठीशेजारी एबीसी आणि बरोबरची खूण नसेल तर मराठीची प्रूफिंग टूल्स (म्हणजे शुद्धलेखन तपासणारी साधनं) उतरवून घ्या, आणि विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड घालून हिंदीचा काढून टाका. अजिबात ऐकू नका. दहा मिनिटांत सगळं सुरळीत होईल आणि 'कॉम्प्युटरला मराठी कळतच नाही' हे हुकमी वाक्य तुमच्या हातून जाईल. त्यातच शब्द खरोखर चुकला असेल तर रेघ तिथेच उमटेल, आणि मग दोष द्यायला कुणी उरणार नाही.

मी स्वतः आजवर हे पथ्य पाळलंय. गेल्या सभेच्या वेळी प्रिंटर बंद होता. कागदावर या रेघा उमटत नाहीत, हाच तर एरवी माझा आधार. शेवटी मोबाइलने स्क्रीनचाच फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. थकबाकीदारांच्या यादीत पाच नावं होती. त्यातली दोन आडनावं डिक्शनरीला ठाऊक नसावीत, त्यांच्याखाली ठसठशीत लाल रेघ. ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी ते दोघे चेक घेऊन दारात उभे. बाकीच्या तिघांची बाकी अजून तशीच आहे.