पण आम्हाला कुठं विचारलं?

यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सोलापुरात होते. एकटीच. मुलीची जर्मनीतली शाळा नाताळच्या सुट्टीनंतर सुरू झाली होती, आणि संक्रांतीसाठी रजा मागायची म्हणजे आधी तिच्या बाईंना संक्रांत समजावून सांगायची. नंदीध्वजांची मिरवणूक बघून घरी आले तर दादाची बैठक भरलेली. दादा, त्याच्या शाळेतले दोघे शिक्षक आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. मधे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वहीचं एक पान. आठवी ते दहावीच्या मुलांनी वाचलीच पाहिजेत अशा पन्नास पुस्तकांची यादी चालली होती. ‘वाचलीच’मधला ‘च’ निवृत्त सरांचा.

यादी सत्ताविसावर आली होती. साने गुरुजी होते, शिवचरित्रं होती, शास्त्रज्ञांची चरित्रं होती. फास्टर फेणेला ‘चला, तोंडी लावायला’ म्हणून घेतलं होतं. भाची पाण्याचे तांबे ठेवायला आली. नववीत आहे. तिनं वाकून यादी वाचली आणि म्हणाली, "पप्पा, आमच्यातल्या कुणी वाचून बघितलीयत का ही? आम्हाला कुठं विचारलंय की!"

"तुम्हाला विचारलं तर तुम्ही मोबाइल म्हणाल," दादा म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. ती आत निघून गेली.

रात्री गच्चीवर झोप येईना, तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली. कारण मी ज्या देशात राहते तिथे नेमकं हेच विचारायला सरकार पैसे देतं. जर्मनीत बाल-युवा साहित्यासाठी १९५६ पासून एक राष्ट्रीय पुरस्कार आहे. सुरुवातीला त्याचे परीक्षक अर्थातच मोठी माणसं: समीक्षक, ग्रंथपाल, शिक्षक. २००३ पासून त्याच्या जोडीला मुलांचं वेगळं परीक्षक मंडळ आलं. देशभरातल्या सहा वाचनगटांतली मुलं वर्षभर नवी पुस्तकं वाचतात, भांडतात, सहा पुस्तकं पुढे काढतात आणि त्यातलं एक निवडतात. ऑक्टोबरात फ्रँकफर्टच्या ग्रंथमेळ्यात मोठ्यांच्या पुरस्काराबरोबर मुलांचाही जाहीर होतो, आणि दोघांच्याही विजेत्यांना तीच ब्रॉन्झची छोटी ‘मोमो’, मिखाएल एंडेच्या कादंबरीतल्या मुलीची मूर्ती, मिळते. मोठ्यांचा निर्णय मुलांच्या निर्णयावर बसवलेला नाही, एवढंच मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि ही मुलं निवडतात काय? २००९ मध्ये त्यांनी नाझी काळात पुस्तकं चोरणाऱ्या मुलीची कादंबरी निवडली. ती गोष्ट सांगतो कोण, तर साक्षात मृत्यू. २०१३ मध्ये जॉन ग्रीनची, कॅन्सर झालेल्या मुलामुलीची प्रेमकथा. दादाच्या बैठकीत यातलं एकही पुस्तक टिकलं नसतं. "मुलांना कशाला हो इतकं उदास?" असं कुणीतरी म्हणालं असतं आणि पुढची भाकरी मोडली असती. आपण मुलांसाठी पुस्तक निवडतो तेव्हा आपल्याला ती आनंदी, सुसंस्कृत आणि साधारण अकरा वर्षांची हवी असतात. चौदाव्या वर्षी माणूस मरणाचा विचार करतो, मैत्रीण बोलेनाशी झाली की जेवत नाही, आईबापांचा खोटेपणा त्याला पहिल्यांदा स्वच्छ दिसतो. हे सगळं आपल्याही बाबतीत झालेलं असतं, आपण ते सोयीनं विसरतो.

आता, परदेशात राहणारी बाई ‘आमच्याकडे बघा कसं’ म्हणायला लागली की मलाच कंटाळा येतो, म्हणून दुसरी बाजूही सांगते. वर्षभर पुस्तकांवर भांडणारी ती मुलं मुळात वाचणारीच असतात. बाकीच्या जर्मनीचं चित्र तितकं गोड नाही. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जर्मन मुलांचे वाचनाचे गुण २०१८ मध्ये ४९८ होते, ते २०२२ मध्ये ४८० वर आले. तिथल्या वर्तमानपत्रांतले अग्रलेख मराठीत उतरवून सोलापुरात छापले तर कुणाला फरक कळणार नाही. ‘मुलं वाचत नाहीत’ हे वाक्य बहुधा सगळ्या भाषांत सारख्याच सुरात म्हणतात.

दुसरं म्हणजे, वर सांगितलेली दोन्ही पुस्तकं मूळ इंग्रजी. मुलांच्या हातात निवड दिली की ती घरच्या भाषेलाच कौल देतील असं नाही. पण जर्मनांनी त्यावर उपाय काय केला? त्यांनी ती पुस्तकं जर्मनमध्ये आणली. माझी मुलगी अमेरिकी कादंबरी जर्मनमध्ये वाचते, जपानी मांगा जर्मनमध्ये वाचते, आणि आपण ‘परकं’ काही वाचतोय हे तिच्या गावीही नसतं. आपल्याकडे मात्र त्या वयाची गोष्ट हवी असेल तर मुलीला थेट इंग्रजीत उडी मारावी लागते. तिनं मारली की आपणच म्हणतो, बघा, मराठी सोडली.

गेल्या वर्षी घरच्या फोनवर दुसरा विषयच नव्हता. एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो बदलला आणि २९ जून २०२५ ला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या गटावर पेढ्यांची चित्रं आली होती. सक्तीला विरोध झाला तो योग्यच झाला, मीही त्याच बाजूची. पण या सगळ्या वादात मुलं किती भाषा शिकणार हे मोजलं गेलं. त्या भाषेत ती पंधराव्या वर्षी वाचणार काय, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. शिवाय सोलापूरला भाषांचा हिशेब पुण्यासारखा सरळ नाही. भाचीच्या बाकावरच्या तिघींपैकी पूर्व भागातल्या एकीच्या घरी तेलुगू, दुसरीच्या घरी कन्नड, तिसरीच्या घरी उर्दू. एकमेकींशी मात्र तिघी ‘काय बे’ करतात, म्हणजे मराठीच की! या मराठीत त्यांच्यासाठी लिहिलेली एक कादंबरी दाखवा.

मी शोधली. त्या दिवसांत दुपारभर मोकळीच होते. आणि शोधताना जे लक्षात आलं ते माझं मलाच अनपेक्षित होतं. कुमारवयाबद्दल मराठीत चांगली पुस्तकं आहेत. मी त्यांच्यावरच वाढले. पण बहुतेक सगळी वळून पाहणारी आहेत. ‘श्यामची आई’तला श्याम मोठा झालेला आहे, आश्रमातल्या मित्रांना रात्री आठवणी सांगतोय. प्रकाश नारायण संतांचा लंपन स्वतःच्या तोंडानं बोलतो, पण त्याचं गाव, त्याचा काळ आपल्या आज्जीचा. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ नववीच्या वर्गात घडते, पण आणीबाणीच्या दिवसांतल्या नववीत. २००४ ला ती आली तेव्हा आमच्या पिढीनं ती डोळे पुसत वाचली. पुस्तक नववीचं, वाचक पस्तिशीचे. मोठ्या माणसाला हरवलेलं काही परत मिळाल्याचं सुख त्यात आहे. चौदा वर्षांच्या मुलीचं अजून काहीच हरवलेलं नाही. तिचं सगळं आत्ता चाललंय.

इंग्रजीत ज्याला ‘यंग अडल्ट’ म्हणतात त्या कादंबरीची गंमत या ‘आत्ता’त आहे. अमेरिकेत या प्रकाराची सुरुवात ज्या पुस्तकापासून मानतात, ते एस. ई. हिंटननं शाळेत असताना लिहायला घेतलं. १९६७ मध्ये छापून आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. बाईचं नाव दिसलं तर पुरुष समीक्षक बाजूला टाकतील म्हणून प्रकाशकानं नुसती आद्याक्षरं छापली. बाई राहायची न्यूयॉर्कला नाही, टल्सा नावाच्या तेलाच्या धंद्यावर वाढलेल्या शहरात. तिच्या गोष्टीत शहराच्या पूर्वेकडची गरीब पोरं आणि पश्चिमेकडची श्रीमंत पोरं यांच्यात मारामारी आहे. हे वाचताना मला हसूच आलं. सोलापूरचा पूर्व भाग आणि सुखवस्तू रेल्वे लाइन्स! आमच्याकडे सगळं साहित्य तयार आहे: यंत्रमागाचा आवाज, विड्या वळणाऱ्या आया, बंद पडलेल्या गिरण्यांची आवारं. लिहिणारी पोरगी तेवढी कुणी शोधलेली नाही.

भाची काय वाचते, हे मी अखेर तिलाच विचारलं. आधी "काही नाही" म्हणाली. मोठ्यांना द्यायचं उत्तर तिला पाठ होतं. मग हळूहळू निघालं. प्रतिलिपी नावाच्या अ‍ॅपवर भुताच्या मालिका, मराठीतच, रोज रात्री एक भाग. कोरियन चित्रकथा, इंग्रजीतून. मैत्रिणीनं दिलेली, मागचं पुठ्ठं गेलेली एक इंग्रजी कादंबरी, जी बाकावरच्या तिघींनी आळीपाळीनं वाचली. तेलुगूवाली जास्त इंग्रजी जाणते म्हणून अडलेले शब्द ती मराठीत सांगायची. म्हणजे या पोरी वर्गात बसून फुकट अनुवाद करतायत, आणि आम्ही बाहेरच्या खोलीत ‘मुलं वाचत नाहीत’ म्हणून भाकरी मोडतोय.

मला माझं चौदावं वर्ष आठवलं. आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात मी मोठ्यांच्या कपाटातली कादंबरी काढली, तर टेबलावरच्या काकांनी ती हातातून घेतली. "हे तुझं वय नाही." मग मी ती दोन कपाटांच्या मधे उभी राहून अकरा दिवसांत संपवली. त्यातलं काही विशेष कळलं नाही, पण पुस्तक चोरून वाचण्यासारखी वस्तू असू शकते हे कळलं. त्याबद्दल त्या काकांची मी ऋणी आहे. जर्मनीत पुस्तकावरच ‘१४ वर्षांपासून’ असं छापलेलं असतं. श्टुटगार्टच्या त्या पांढऱ्या चौकोनी वाचनालयात मुलांना वर्गणी नाही आणि कुणी हातातून पुस्तक काढत नाही. माझी मुलगी बारा वर्षांची असताना फक्त ‘१४’ छापलेलीच पुस्तकं घरी आणायची.

बिघडवायचं तेही जर्मनांना जमतं. व्होल्फगांग हेर्नडॉर्फची ‘चिक’, दोन चौदा वर्षांची पोरं जुनाट लाडा गाडी चोरून पूर्वेकडे निघतात ती गोष्ट, अफलातून आहे. २०११ मध्ये तिला मोठ्यांच्या परीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला. मग ती शाळांतून शिकवायला लागले. मुलीनं ती परीक्षेसाठी वाचली, गाडी कशाचं प्रतीक आहे यावर दोन पानं लिहिली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, आधी आवडली होती." दादाच्या यादीची मला भीती वाटते ती इथे. पन्नास पुस्तकं ‘वाचलीच पाहिजेत’ म्हटलं की त्यावर प्रश्नपत्रिका यायला किती वेळ?

त्या दोघींची, म्हणजे मुलीची आणि भाचीची, एका रविवारी व्हिडिओवर गाठ घालून दिली. दोघींचं समाईक मराठी थोडं, समाईक इंग्रजी जरा जास्त. दोघींनी वाचलेलं एकच पुस्तक निघालं: अ‍ॅन फ्रँकची डायरी. एकीनं जर्मनमध्ये वाचलेली, दुसरीनं मराठीत. १२ जून १९४२ ला तेराव्या वाढदिवसाला मिळालेली वही. मला वाटलं होतं, दोघी युद्धाबद्दल बोलतील. त्या अ‍ॅन आणि तिच्या आईच्या भांडणांबद्दल बोलल्या, अर्धा तास, माझ्यादेखत. शेवटी भाची म्हणाली, "तिला पुढचं काही माहीतच नसतंय ना, म्हणून भारी वाटतंय. बाकीच्या पुस्तकांत सांगणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतंय." मी आठवडाभर दुपारी कपाटं उचकून जे शोधलं ते तिनं चहा पितापिता सांगून टाकलं.

मुलांनी शिफारस केली म्हणजे पुस्तक थोर, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या शिफारशीत लाट असते, मैत्रिणीचा धाक असतो, कव्हरचा रंग असतो. आमच्या शिफारशीत काय वेगळं असतं? आठवण असते आणि अभ्यासक्रम असतो. फरक एवढाच की, मुलीला एखादं पुस्तक ‘बोर’ म्हणायची मुभा असेल तरच तिच्या ‘वाच’ म्हणण्याला मैत्रिणीच्या लेखी किंमत येते. दादाच्या यादीत ‘बोर’ लिहायला रकाना नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला एवढंच सुचवलं: यादी ठेव, पण पोरींच्या हातात पेन्सिल दे. तो म्हणाला, "तू जर्मनीला गेल्यापासून फारच लोकशाहीवादी झालीस बे."

मार्चमध्ये त्यानं यादीचा फोटो पाठवला. पन्नासपैकी बारा नावांपुढे बरोबरच्या खुणा होत्या, लंपनपुढे दोन. (एक त्या कन्नडवालीची, त्याच्या बोलण्यातले शब्द तिची अव्वा घरी वापरते म्हणे.) खाली चार नवी नावं भाचीच्या अक्षरात, त्यातलं एक भुतांचं. आणि एकतिसाव्या पुस्तकापुढे, ज्याचं नाव मी लिहीत नाही कारण ते निवृत्त सरांचं फार लाडकं आहे: ‘पान ४० ला सोडलं.’

सर चिडतील असं दादाला वाटलं होतं. सरांनी दुसऱ्या दिवशी फोन करून भाचीला बोलावून घेतलं आणि विचारलं, चाळिसाव्या पानावर असं काय आहे?

"सर, तिथून ते समजावून सांगायला लागतात."